शब्बाथ आणि रंगनाथन स्ट्रीट

मुलीला तिच्या विद्यापीठानं वर्षभराची सबॅटिकल दिली. चेन्नईत मांबलमच्या आमच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मामींनी विचारलं, "लीव्हच ना?" लीव्हच, पण मोठ्या घराण्यातली. ग्रीक-लॅटिनमधून इंग्रजीत उतरलेल्या या शब्दाचं मूळ हिब्रू ‘शब्बाथ’. त्यामागचा धातू थांबण्याचा. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, हा तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातला नियम प्राध्यापकांच्या बरा पथ्यावर पडला.

तोरामध्ये दहा आज्ञा दोनदा येतात आणि सातव्या दिवशी, म्हणजे शब्बाथला, का थांबायचं, याची कारणं दोन्हीकडे वेगळी आहेत. त्यातलं ‘निर्गम’ हे पुस्तक सांगतं, सहा दिवसांत सृष्टी घडवून देव थांबला, म्हणून. ‘अनुवाद’ हे पुस्तक सांगतं, तू मिसरात गुलाम होतास ते आठव, म्हणून. दास, दासी, बैल, गाढव, वेशीतला परका, सगळ्यांनाच थांबू दे. मला दुसरं कारण पटतं. पोळ्याला बैलाच्या मानेवरचं जू उतरवणाऱ्यांना ते समजायला जड जाऊ नये.

कोकणातले बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. घाणा स्वतःचा असला की थांबणं आपल्या हाती. गिरणी कामगाराचं काय? कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी रविवार मागितला तो खंडोबाचा वार म्हणून, आणि 10 जून 1890 रोजी मुंबईत ती सुट्टी मिळाली. याला कुणी डावपेच म्हणेल. म्हणो बापडा. हक्क दुबळ्याला मागावा लागतो. देवाची आज्ञा मालकालाही लागू होते, हे लोखंड्यांनी नेमकं हेरलं होतं.

मग देव वगळला तर? तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली. लोक तिला ‘बसण्याचा हक्क’ म्हणतात, पण कलम मालकाला बजावतं: कामगारांसाठी बसायची सोय असलीच पाहिजे. देवाचं नाव नाही, तरी वळण ‘अनुवादा’चंच. टी. नगरला साड्यांच्या एका दुकानात ती सोय मी पाहिली. स्टुलावर साड्यांचा गठ्ठा होता आणि मुलगी उभी. कायदा मोडला म्हणावं तर तसंही नाही, कारण कामात संधी मिळेल तेव्हा बसावं, एवढंच त्यात अपेक्षित आहे. दिवाळीच्या तोंडावर तिथल्या रंगनाथन स्ट्रीटच्या गर्दीत कसली संधी! शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताच लागतो, गिऱ्हाईक दारात असलं तरी. कलमातही तसं घड्याळ घाला: इतक्या तासांनी इतकी मिनिटं, गर्दी असो वा नसो.