काही नाही, गॅस आहे

माझ्या दवाखान्यात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कुणी मोजलं असतं, तर ते हेच निघालं असतं: ‘काही नाही, गॅस आहे.’ बाजारच्या दिवशी बाकावर जागा उरत नाही, लोक पायरीवर बसतात, आणि हे वाक्य दोन कामं एकदम उरकतं. पेशंट निर्धास्त होतो, मी मोकळा होतो. यातलं कोणतं काम मला अधिक हवं असतं?

भाताच्या आवणीचे दिवस होते. पाऊस असा, की वेल्ह्यातून तोरणा चार दिवस दिसला नव्हता. साठी उलटलेले एक शेतकरी मुलाच्या गाडीवर मागे बसून, अंगावर प्लास्टिकचा कागद ओढून आले. ‘पहाटं कळ आली बघा, सुरी खुपसल्यावानी. खांदाबी धरलाय.’ दिवसभर चिखलात वाकणाऱ्याचा खांदा धरणारच, असं मी मनात म्हणालो. स्टुलावर बसलेल्या माणसाचं पोट सदऱ्यावरूनच दाबलं. ॲसिडिटीचं इंजेक्शन, वर गोळ्या, आणि ते वाक्य. टेबलावर झोपवलंच नाही. झोपवलं असतं तर चिखलाचे पाय धुवायला लावावे लागले असते. हेही त्या क्षणी मनात आलं होतं, लपवत नाही. संध्याकाळी मुलाचा फोन आला, जरा उतार आहे म्हणून. मला बरं वाटलं, बरोबर ठरल्याचं.

जठराला छिद्र पडलं की आधी अचानक कळ, काही तासांनी फसवा उतार, मग पोट लाकडासारखं. छाती आणि पोटामधला पडदा चिडला की दुखणं खांद्यात उमटतं. हे सगळं लिहून मी परीक्षेत मार्क मिळवले आहेत. म्हणजे त्या बाबांनी रोगाचं निदान स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, फक्त ते माझ्या पुस्तकाच्या भाषेत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांना मार्गासनी, नसरापूर, चेलाडी करत पुण्याला हलवलं. संध्याकाळी मीही गेलो. काळजीनं? की आपलं नाव कुठल्या कागदावर आलंय का ते बघायला? दोन्हीसाठी, आणि कोणतं आधी होतं ते मला विचारू नका.

तिथल्या तरुण रेडिओलॉजिस्ट बाईंनी सीटी दाखवला. मला काहीच दिसेना. त्यांनी माउस थोडा सरकवला. सीटीत शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो: पाणी शून्य, हवा उणे हजार, चरबी उणे शंभरच्या आसपास. हे मोजमाप हाउन्सफील्ड यांच्या नावानं चालतं. ते डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. 1971 साली लंडनमध्ये त्यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटचा मेंदू तपासला गेला आणि 1979 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण डोळ्याला करड्या रंगाच्या इतक्या छटा कळत नाहीत, म्हणून पडद्यावर थोडेच आकडे निवडून दाखवतात. त्याला विंडो म्हणतात. पोटाच्या नेहमीच्या विंडोत चरबीही काळसर आणि हवाही काळी, त्यामुळे लहानसा बुडबुडा चरबीत हरवून जातो. बाईंनी फुप्फुसांसाठी वापरतात ती रुंद विंडो लावली आणि यकृताच्या पुढे, पोटाच्या भिंतीखाली, काळी चंद्रकोर उमटली. उताणं झोपवलेल्या माणसात सुटी हवा वर येते, ती तिथंच साठते. आतड्यात तर हवा सगळ्यांच्याच असते. ही आतड्याच्या बाहेर होती.

म्हणजे गॅसच होता. माझा शब्द बरोबर निघाला, याहून वाईट काय असेल?

तेवढ्यात सर्जननी मुलाला विचारलं, बाबा कुठल्या गोळ्या घेतात? त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. गुडघेदुखीवरच्या डायक्लोफिनॅकच्या, माझ्याच दवाखान्यातल्या. आठ महिने मी त्या देत होतो, पोटाला जपणारी गोळी सोबत न देता. जठर पोखरणारी गोळी ही असू शकते, हे मला त्यांच्याआधी कळलं. मी पडद्याकडे बघत राहिलो.

पोटातल्याच चरबीच्या पदरानं छिद्र झाकून शिवलं. बाबा वाचले.

मग मी काय केलं? दोन-तीन महिने जो पोट धरून येईल त्याला सीटीची चिठ्ठी. भोरकडची माणसं कापूरहोळहून एसटी धरून पुण्याला जायची, एका दिवसाचा रोज बुडवून, छातीच्या साध्या एक्स-रेच्या कैक पटींनी किरण अंगावर घेऊन. हा सावधपणा कुणासाठी होता? माझ्यासाठी. आणि एकदा एका सेंटरमधून पाकीट आलं. परत केलं, असं लिहायला आवडलं असतं. आठवडाभर ते खणात होतं, मग परत केलं. तो आठवडा मला अजून नीट समजावता येत नाही.

शिवाय सीटीची गरजच किती होती? दहा-पंधरा मिनिटं बसवून मग उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत अशी हवा बहुतेकदा दिसते. त्याआधी बोटं आहेत. यकृतावर बोट ठोकलं की जड, बद्द आवाज येतो. मध्ये हवा शिरली तर तो पोकळ होतो. दर वेळी होतोच असं नाही. पण माठ घेताना बाबा तो ठोकून बघत असणारच. मी त्यांना ठोकून बघितलं नाही. यंत्रानं जे दाखवलं ते खरं, पण यंत्रापर्यंत कुणाला पाठवायचं हे त्या स्टुलापाशी ठरत होतं, आणि तिथं मी घाईत होतो.

दिवाळीनंतर ते आले, नव्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन. सदरा वर करून टाक्यांची खूण दाखवली. गरज नसताना मी त्यांना टेबलावर झोपवलं, यकृतावर बोट ठोकलं. बद्द वाजलं.

उठता उठता ते म्हणाले, ‘गुडघ्याच्या त्या गोळ्या द्या की डॉक्टर, लई गुण होता.’

‘त्या आता नाही द्यायच्या, बाबा.’

‘का?’

बाहेर माणसं खोळंबली होती. ‘तुमच्या पित्ताला चालायच्या नाहीत,’ मी म्हणालो.