अंगठा

आपल्याकडे कुणाला अंगठा दाखवला तर तो भांडायला उठतो. पाण्याखाली त्याचा अर्थ एकच: चला वर. सगळं ठीक आहे असं सांगायचं असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. स्कूबाच्या पहिल्याच धड्यात हे शिकवतात, आणि सोबत आणखी एक गोष्ट सांगतात. अंगठा कुणीही, कधीही दाखवावा, कारण द्यावं लागत नाही. आणि दाखवला की समोरच्याने वाद घालायचा नाही. चारशे बुड्या झालेल्या माझ्यासारख्याला हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

बोनेअरला आम्ही आठ जण गेलो होतो, नेदरलँड्समधल्या आमच्या क्लबचे. त्यांत मराठी मी एकटा. व्हेनेझुएलासमोरचं हे कॅरिबियन बेट कारभाराने डच आहे, भाषेने पापिआमेंटू. तिथे बुडी मारायला बोट लागतेच असं नाही. पिकअपच्या हौद्यात सिलिंडर टाकायचे, किनाऱ्याच्या रस्त्याने निघायचं आणि जागेचं नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की गाडी उभी करायची. गाडीला कुलूप लावायचं नाही, आत काही ठेवायचंही नाही. काचेचा खर्च वाचतो. चालत पाण्यात शिरलं की थोड्याच अंतरावर प्रवाळाचा उतार लागतो. १९७९ पासून बेटाभोवतीचा समुद्र राखीव आहे आणि हातमोजे घालायला मनाई आहे, कारण मोजे असले की माणूस प्रवाळाला बिनधास्त हात लावतो. हा नियम मला भारी आवडतो. उघड्या हातांचा माणूस आपोआप सभ्य वागतो.

बुडीला बडी लागतोच, म्हणजे जोडीदार. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला आल्या एकसष्ट वर्षांच्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मनातल्या मनात मी त्यांना 'बाई'च म्हणायचो. त्यांच्या बुड्या तीसेक. माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असणार. शिक्षकांना मागच्या बाकावरचंही दिसतं.

तिसऱ्या दिवशी 'हिल्मा हूकर' ठरलं. हे सुमारे ७२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज १९८४ साली बंद पडून बोनेअरला आलं. तपासणीत आतल्या खोट्या भिंतीमागे गांजा सापडला, जहाज अडकवून ठेवलं गेलं, मालक काही पुढे आला नाही. जहाजाला गळती होती. सगळ्यांना ठाऊक असलेली, कुणाचीच नसलेली. त्याच वर्षी सप्टेंबरात ते कलंडलं आणि दोन प्रवाळरांगांच्या मधल्या वाळूत जाऊन बसलं. ही सगळी कथा गाडीत मीच सांगितली, रंगवून.

किनाऱ्यावर बाई म्हणाल्या, "एकमेकांचं सामान तपासू या." जॅकेट, वजनं, बकलं, हवा, एकेक करून. मी म्हटलं, "तुमचं मी पाहतो. माझं झालंय." त्यांनी भुवया किंचित वर केल्या, पण बोलल्या नाहीत.

खाली जहाज उजव्या कुशीवर निजलेलं. वरची कड १८ मीटरवर, वाळू ३० वर. डोलकाठी आडवी, तिच्याखाली चंदेरी टारपन मासे एकाच जागी तरंगत उभे, पहाऱ्यावर असल्यासारखे. मला मागचा पंखा जवळून पाहायचा होता. हवेच्या काट्यावर नजर टाकली, १४० बार. माझी हवा पुरते, क्लबात त्याबद्दल माझं नाव आहे. ३० मीटरवर पाण्याचा आणि वरच्या हवेचा मिळून दाब चौपट, म्हणजे प्रत्येक श्वासाला वरच्या चार श्वासांची हवा जाते. तरीही माझ्या हिशेबाने निवांत दहा मिनिटं होती.

तेवढ्यात बाई समोर आल्या आणि त्यांनी अंगठा वर केला.

काय झालं, असं मी हाताने विचारलं. त्यांनी स्वतःच्या मानेमागे बोट दाखवलं आणि पुन्हा अंगठा. मान अवघडली असेल, घाबरल्या असतील. मी गोल करून दाखवला: ठीक आहे, जरा थांबा. त्यांनी तिसऱ्यांदा अंगठा दाखवला, आणि या वेळी माझा दंड धरला. वर्गात दंगा करणाऱ्या पोराचा धरावा तसा.

निघालो. पण मी रागावलो होतो आणि पाण्याखाली राग दाखवायची सोय नसल्यामुळे त्यांच्याकडे न बघता वर येत होतो. मनगटावरच्या कॉम्प्युटरवर खोली दिसत होती, तेवढीच बघत होतो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं, रक्तातला नायट्रोजन हळूहळू निघून जावा म्हणून. तिथे बाईंनी आपला श्वास घ्यायचा जादा रेग्युलेटर काढून माझ्यापुढे धरला. का ते मला कळेना. त्यांनी माझ्या कमरेपाशी बोट केलं. काटा उचलून पाहिला. वीस.

उरलेला थांबा मी त्यांच्या टाकीतल्या हवेवर काढला.

काठावर आमच्या स्थानिक वाटाड्याने माझा सिलिंडर तपासला. झडप आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये रबराची एक ओ-रिंग बसते, करंगळीत जाईल एवढी. तिला चीर गेली होती. वरून फारसं कळलं नसतं, खाली पाण्यात मात्र बुडबुड्यांची दोरी लागली होती, बरोबर माझ्या मानेमागे. ज्याची मान त्याला ती दिसत नाही. वाटाड्याने रिंग माझ्या तळहातावर ठेवली आणि दुसरी बसवायला लागला. एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मी बाईंना म्हणालो, "मला वाटलं तुम्ही घाबरलात."

"घाबरले होतेच की," त्या म्हणाल्या. "पण समजा, काहीच झालं नसतं, मला नुसतंच वर यावंसं वाटलं असतं, तर?"

मला उत्तर आलं नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही आणि बशीतला तळलेला मासा माझ्याकडे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळ्या दगडाजवळ गाडी उभी राहिली. सगळे सामान चढवत होते. पाण्यात उतरण्याआधी मी बाईंकडे पाठ करून उभा राहिलो.