तिरप्या कोनाड्याचे अधिकरण

भरीव वस्तूतून काही काढून टाकले असता जी रिकामी जागा उरते, ती स्वतः एक पदार्थ आहे की वस्तूच्या नसण्याला आपण व्यवहाराच्या सोयीसाठी दिलेले नाव आहे, या प्रश्नावर न्याय आणि मीमांसा या दर्शनांच्या आचार्यांनी पिढ्यानपिढ्या जो वाद घातला, तो आज पाठशाळांबाहेर फारसा कोणी वाचत नाही. तथापि अमरावतीहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नेरसारख्या तालुक्याच्या गावी, संगणकावर घरांचे नकाशे तयार करून देणाऱ्या तरुणापुढे एखादा गृहस्थ येऊन बसतो आणि देवघराच्या भिंतीत कोनाडा हवा, पण देवाचे तोंड मात्र नीट पूर्वेलाच हवे, असा आग्रह धरतो, तेव्हा तोच वाद आपल्या पक्ष-प्रतिपक्षांसह पडद्यावर उभा राहतो, आणि माझ्या मते पोथीत झाला नसेल इतका स्पष्ट तेथे होतो.

अडचण अशी की गावातले भूखंड रस्त्याच्या वळणाने पडतात, दिशांच्या मानाने नव्हे. त्यामुळे देवघराची भिंत पूर्वेला बरोबर सामोरी न येता समजा वीस अंशांनी कललेली राहते. (पूर्वेला तोंड देवाचे असावे की पूजकाचे, याविषयी घरोघरी मतभेद आहेत, परंतु यजमानाने एकदा पक्ष घेतला की तो बदलत नाही.) सरळ कोनाडा काढणे सोपे असते. भिंतीच्या पृष्ठावर चौकोन रेखाटला आणि आज्ञा दिली की तो चौकोन पृष्ठाशी काटकोन करून आत शिरतो. स्केचअपसारख्या प्रणालीत तर हे ढकलणे-ओढणे काटकोनाखेरीज होतच नाही. तिरप्या कोनाड्यासाठी मात्र भिंतीवरच्या एका उभ्या रेषेभोवती वीस अंशांनी फिरवलेले एक नवे प्रतल कल्पावे लागते, जे भिंतीत कोठेही नसते. त्या प्रतलावर चौकोन काढून केवळ आतल्या बाजूस कापले, तर प्रतल आणि भिंतीचे पृष्ठ यांच्यामध्ये पाचरीच्या आकाराचा एक तुकडा लटकत राहतो, म्हणून दोन्ही बाजूंनी कापावे लागते. पुन्हा हिशेब आडवा येतोच. कोनाड्याची 600 मिलिमीटर रुंदीची पाठ वीस अंशांनी फिरली की तिचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे 205 मिलिमीटर आत जाते. विटेची नऊ इंची भिंत जेमतेम 230 मिलिमीटर जाड, तेव्हा उथळ बाजूला 100 मिलिमीटर खोली ठेवली तरी खोल बाजू भिंतीला पलीकडून भोक पाडते. मग भिंत जाड करावी, कोनाडा अरुंद करावा, किंवा कोनाडा सरळ ठेवून मूर्तीच वळवून बसवावी. गवंड्याला तिसरा उपाय साहजिकच पसंत पडतो, कारण त्याची भिंत गुण्यात राहते.

याच कामाची दुसरी रीत तत्त्वचिंतकाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. तीत कोनाड्याच्या आकाराचा एक भरीव ठोकळा आधी स्वतंत्र घडवतात, हवा तसा फिरवून भिंतीत घुसवतात, आणि मग भिंतीतून तो वजा करण्याची आज्ञा देतात. ऑटोकॅडमध्ये या आज्ञेचे नावच सबट्रॅक्ट आहे. क्षणात ठोकळा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी त्याचे नसणे राहते. नैयायिक म्हणतो ते याहून निराळे काय आहे? त्याच्या मते अभाव कधी मोकळा नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कोठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जेथे अभाव ते अधिकरण, आणि प्रतियोगीचे ज्ञान असल्यावाचून अभावाचे ज्ञान होत नाही. वैशेषिकांच्या जुन्या सहा पदार्थांना अभाव हा सातवा पदार्थ पुढे जोडला गेला, शिवादित्याने आपल्या ग्रंथाला सप्तपदार्थी असेच नाव दिले, आणि अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहामुळे तो सातवा पदार्थ विद्यार्थ्यांच्या जिभेवर रुळला. संगणकापुढे बसलेल्या तरुणाने तर्कसंग्रह उघडलेला नसेल; परंतु ठोकळा आधी घडवल्यावाचून त्याची पोकळी घडत नाही, हे तो हाताने जाणतो.

प्राभाकर मीमांसकाला हे मान्य नाही. भूतलावर घट नाही, असे आपण म्हणतो तेव्हा तेथे केवळ भूतल असते, घटाभाव नावाची आणखी एक चीज नसते, असा त्याचा सडेतोड पक्ष. कुमारिल भट्ट अभाव मानतो आणि तो कळण्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणही मानतो. नैयायिक म्हणतो, प्रत्यक्षानेच कळतो. या वादाचे प्रतिबिंब संगणकशास्त्रात पडावे हा योगायोग मोठा रंजक आहे. 1970 च्या दशकात इंग्लंडात केंब्रिज येथे इयान ब्रेड याने घन वस्तू तिच्या सीमापृष्ठांवरून ओळखण्याची रीत पुढे नेली, तर अमेरिकेत रॉचेस्टर येथे व्होल्कर आणि रेक्विचा यांनी ठोकळ्यांच्या बेरीज-वजाबाकीवरून तीच वस्तू ओळखण्याची. पहिलीत कोनाडा म्हणजे भिंतीचीच आत वळलेली पाच पृष्ठे, आणखी काही नाही. दुसरीत तो वजाबाकीची एक नोंद आहे. आपल्याकडच्या महसुली दप्तराच्या भाषेत बोलायचे तर एक जमिनीची आजची हद्द सांगते आणि दुसरी फेरफाराची नोंदवही जपते. त्रिमितीय छपाईसाठी जी एसटीएल फाइल पाठवतात तिच्यात केवळ पृष्ठांचे त्रिकोण उरतात. तेथे प्राभाकर पूर्ण विजयी होतो, आणि नंतर कोनाडा दोन बोटे सरकवण्याची वेळ आली की पश्चात्ताप करतो.

मला तरी तिरपा कोनाडा हाच या वादातला निर्णायक साक्षीदार वाटतो. सरळ कोनाड्यापुरते प्राभाकराचे म्हणणे खपून जाते, कारण त्याची दिशा भिंतीकडूनच उसनी घेतलेली असते. परंतु वीस अंशांचा कल भिंतीत नाही, विटेत नाही, चुन्यात नाही. तो आला पूर्वेकडून, म्हणजे ज्याचे तेथे बसणे अभिप्रेत आहे त्याच्या मुखाकडून. प्राभाकर म्हणेल, की पृष्ठेच तिरपी आहेत, एवढे सांगितले की झाले. ती तिरपी का आहेत, हे मात्र त्याच्या पृष्ठांना विचारून कळत नाही; त्यासाठी प्रतियोगीच्या घरी जावे लागते.

वेरूळला गोष्ट आणखी निराळी आहे. राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळी, आठव्या शतकात, कैलास लेणे वरून खाली खोदत नेले गेले. तेथे आधी ठोकळा घडवून वजा करण्याची सवड नव्हती, जो खडक काढला तोच प्रतियोगी होता, आणि एकदा छिन्नी पडली की नैयायिक ज्याला प्रध्वंसाभाव म्हणतात तो सुरू झाला, ज्याला आरंभ आहे पण अंत नाही. संगणकातला कोनाडा असा नाही. वजाबाकीच्या त्या नोंदीवर एक खूण केली की तो मिटतो आणि भिंत अखंड होते, खूण काढली की पुन्हा उघडतो. हा प्रध्वंस नव्हे, कारण याला अंत आहे. वस्तू घडण्याआधीचा, आरंभ नसलेला प्रागभावही नव्हे, कारण याला आरंभ आहे. घट उचलला की भूतलावर येणारा आणि घट परत ठेवला की जाणारा जो सामयिकाभाव काही नैयायिकांनी मानला आहे, त्याच्या वर्गात तो बसतो.

आणि येथेच हा प्रश्न धर्माच्या प्रांतात शिरतो. विदर्भातल्या जुन्या हेमाडपंती देवळांच्या बाह्य भिंतींवर देवकोष्ठे असतात, आणि मूर्ती गेलेल्या रित्या कोष्ठापुढेही माणूस हात जोडतो. तो कशाला जोडतो? देवाला खोलगट जागा मानवते, हे यवतमाळ जिल्ह्यातच कळंबच्या चिंतामणीला पायऱ्या उतरून भूपृष्ठाखाली भेटणाऱ्यास सांगावे लागत नाही, आणि शके 982 चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवालयातही गाभारा मंडपापेक्षा खोल आहे. वेदान्ती गौडपादांच्या घटाकाशाचा दाखला देऊन म्हणेल, की कोनाड्यातले आकाश आणि बाहेरचे आकाश एकच, भिंत ही केवळ उपाधी. हे खरे असले तरी वीस अंशांसाठी अडून बसलेल्या यजमानाचे त्याने समाधान होणार नाही. शून्यच सत्य, असे म्हणणाऱ्याला ज्ञानदेवांनी अमृतानुभवात विचारले आहे, की ते शून्य कोणाच्या सत्तेने सिद्ध झाले; रित्या कोष्ठापुढच्या नमस्काराला मी तोच प्रश्न लावतो, आणि मला उत्तर मिळते ते असे, की तो नमस्कार शून्याला नाही, ज्याचे ते शून्य आहे त्याला आहे. भाद्रपदात दहा दिवस गणपती बसतो तो कोनाडा उरलेले वर्षभर घरात कोणी फडताळ म्हणून वापरत नाही, याचे कारण त्याचा अभाव सामयिक आहे, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते.

नेरच्या उत्तरेस, अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे महास्थान. मूर्तिपूजेपेक्षा या पंथाची निष्ठा स्थानांवर आहे: गोविंदप्रभू आणि चक्रधर जेथे बसले, निजले, बोलले, तेथे ओटा बांधून त्याला दंडवत घालतात. चक्रधरांचे निधन झाले असे पंथ मानत नाही. ते उत्तरापंथे गेले, असे मानतो. म्हणजे ओट्यावरचे त्यांचे नसणे नैयायिकाच्या भाषेत प्रध्वंसाभाव नव्हे, आणि या एका भेदाने त्या दंडवताचा अर्थच पालटतो. पंथाच्या स्थानपोथीत अशा स्थळांचे वर्णन आहे: देऊळ गावाच्या कोणत्या बाजूला, दार कोणत्या दिशेला, आसन कोठे. संगणकात ज्या पृष्ठावर कोनाडा टेकला ते पृष्ठच पुसले, तर आधार हरवल्याची तक्रार करून कोनाडा कोसळतो. म्हणून जाणता आरेखक आपले प्रतल भिंतीला न बांधता मूळ अक्षांना बांधतो. पोथीनेही आपली स्थाने दिशांना बांधली, म्हणून भिंत खचल्यावर आणि देऊळ पडल्यावरही ओटा कोठे होता हे पूर्व-पश्चिमेवरून शोधता येते. रिते अधिकरण म्हणजेच अभाव, असे म्हणणाऱ्या प्राभाकराला येथे विचारावेसे वाटते, की अधिकरणच जमीनदोस्त झाल्यावर त्या जागी जे लोक शोधत येतात, ते नेमके काय शोधत असतात.