सेफ्टी पिन हातात घेऊन

घरात कुठेतरी सेफ्टी पिन असेलच. साडीच्या पदराला, नाहीतर आजीच्या बांगडीत अडकवलेली. ती तळहातावर घ्या. सवडीने बघा.

आधी शेपटाकडचं वेटोळं. तार तिथे स्वतःभोवती एक फेरा घेते आणि माघारी वळते. पिन बोटांनी दाबा, सोडा. तिचा पाय उसळतो तो त्या फेऱ्यामुळे. वेगळी स्प्रिंग कुठे बसवलेलीच नाही. आता टोक टोपीत सरकवा, वरून बोट फिरवा. टोचत नाही.

न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ साली हिचं पेटंट घेतलं. १५ डॉलरचं देणं डोक्यावर होतं, म्हणून तो तारेचा तुकडा वळवत बसला आणि पुढे हक्क ४०० डॉलरला विकून मोकळा झाला, असं सांगतात. पेटंटात त्याचा भर एवढ्यावरच होता: एकाच तारेत स्प्रिंगही आणि अडकणही.

इथे इंग्रजीतलं ‘इन्व्हेंट’ हे क्रियापद मनात आणा. शाळेत ते ‘डिस्कव्हर’च्या जोडीने शिकवतात. आधी नव्हतं ते इन्व्हेंट करायचं, होतं ते डिस्कव्हर. आजच्या इंग्रजीत हा भेद पाळावाच लागतो. (खोटी सबबही ‘इन्व्हेंट’च करतात, तीही आधी नसतेच म्हणा.) पण मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ आहे एखाद्या गोष्टीपाशी येऊन ठेपणं, ती सापडणं. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईला, हेलेनाला, येशूचा क्रूस सापडला अशी श्रद्धा आहे. त्या सणाचं इंग्रजी नाव ‘इन्व्हेन्शन ऑफ द क्रॉस’. क्रूस काही तिने घडवला नव्हता.

पुन्हा पिन दाबा. वाकवलेली तार सरळ होऊ पाहते, हा गुण हंटने दिलेला नाही. तो धातूतच होता. वेटोळ्याची पिन रोमन लोकही अंगरख्याला लावत. मग हंटचं काय?

लगेच उत्तर नको. बोटांखालचा ताण जरा जाणवू द्या.

माझ्या मते वेटोळं त्याला सापडलं, टोकाला सुरक्षित घर देणारी मांडणी त्याने केली. शोध लागलाही आणि लावलाही. ‘लावला’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हे मात्र पेटंटचा कागद ठरवतो. याच हंटने १८३०च्या दशकात शिलाई यंत्रही बनवलं होतं, पण पेटंट घ्यायचं राहिलं. १८४६ साली ते एलियस हाऊने घेतलं.