आप्तभाव आणि समुद्राविषयीचे कर्तव्य

समुद्राचे रक्षण का करावे, या प्रश्नाला आज बहुधा उपयुक्ततेच्या भाषेत उत्तर दिले जाते: मासे संपतील, हवामान बिघडेल, किनारे बुडतील. हवाई बेटांवरील ‘होकुलेआ’ या नौकेने २०१४ ते २०१७ या काळात जी जगप्रदक्षिणा केली, तिच्या मुळाशी मात्र निराळी धारणा आहे. दोन लांब नावा आडव्या वाशांनी जोडून बांधलेली ही शिडाची जोडनौका, तारे, वारा आणि लाटांचा रोख यांवरून दिशा ठरवत, ‘मालामा होनुआ’ म्हणजे ‘पृथ्वीची काळजी वाहणे’ हे नाव घेऊन १५०हून अधिक बंदरांना गेली, आणि ठिकठिकाणच्या शाळकरी मुलांशी तिच्या खलाशांनी समुद्राविषयी संवाद साधला. ही काळजी वाहायची ती समुद्र उपयोगी आहे म्हणून नव्हे, तर तो आप्त आहे म्हणून.

या आप्तभावाचा आधार ‘कुमुलिपो’ या हवाईच्या उत्पत्तिगाथेत सापडतो. दोन हजारांहून अधिक ओळींची ही गाथा एका राजकुळाची वंशावळ सांगते; परंतु ती आरंभ करते अंधारापासून आणि त्यातून प्रथम जन्मणाऱ्या प्रवाळापासून, आणि मनुष्य तिच्या सोळा पर्वांपैकी आठव्या पर्वात अवतरतो. समुद्रातील वनस्पतीला जमिनीवरील एखादी वनस्पती रक्षक म्हणून नेमलेली असते, ही तिची कल्पना तर विशेष अर्थपूर्ण आहे, कारण रक्षणाचे कर्तव्य येथे मनुष्याच्या जन्माआधीच सृष्टीत रुजलेले दिसते. मनुष्य ते निर्माण करत नाही, वडीलधाऱ्यांकडून स्वीकारतो.

येथे दोन आक्षेप उभे राहतात. पहिला इतिहासाचा आहे: न्यूझीलंडचा महाकाय ‘मोआ’ आणि हवाईचे उडू न शकणारे बदकवर्गीय पक्षी पॉलिनेशियन वसाहतींनंतरच नामशेष झाले, तेव्हा नुसत्या आप्तभावाने सृष्टी वाचते असे म्हणता येत नाही. धर्मश्रद्धेला आचाराचे बंधन लागते. ‘कापू’ ही धार्मिक निषेधांची व्यवस्था, जिच्यामुळे काही मासे ठरावीक काळी पकडणे वर्ज्य ठरे, हे त्याचेच एक रूप होय. (तिच्या कठोर सामाजिक बाजूचे मात्र समर्थन करण्याचे कारण नाही.)

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. कर्तव्य जर वंशातून येत असेल, तर त्या वंशाबाहेरच्याने ते का मानावे? याचे उत्तर होकुलेआच्याच इतिहासात आहे. १९७६ मध्ये तिने हवाईहून ताहितीपर्यंत पहिली मोठी सफर केली, तेव्हा हवाईत उपकरणांविना दूरचा सागरमार्ग काढणारा कोणीही उरला नव्हता. ती वाट दाखवली मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावरील माऊ पियाइलुग यांनी. घराण्यात जपलेली ही विद्या परक्यांना देणे हे रूढीविरुद्ध होते, तरीही त्यांनी ती नायनोआ थॉम्पसन या हवाईयन तरुणाला शिकवली, आणि २००७ मध्ये सातावालवर ‘प्वो’ ही नाविकाची दीक्षाही दिली. पाणिनीने विद्येचा संबंध आणि जन्माचा संबंध एकाच सूत्रात शेजारी ठेवले आहेत; त्या दृष्टीने पाहता वंश दीक्षेनेही वाढतो, आणि त्याबरोबर कर्तव्यही वाढते.

पण दीक्षा नुसत्या भावनेने पुरी होत नाही. १९९०च्या सुमारास ‘हवाईलोआ’ ही दुसरी नौका परंपरेप्रमाणे अखंड ओंडक्यांतून कोरायचे ठरले, तेव्हा हवाईच्या रानांत त्यासाठी पुरेसा मोठा, निरोगी ‘कोआ’ वृक्ष मिळाला नाही; पशुपालन आणि जंगलतोड यांनी ती राने आधीच विरळ केली होती. अलास्कातील मूलनिवासी समाजाने आपल्या रानातले दोन स्प्रूस वृक्ष देऊ केले. परंतु आपल्या घरच्या रानाची दुर्दशा तशीच ठेवून दुसऱ्याचे झाड तोडणे थॉम्पसन यांना पटेना. ते परतले, हवाईत कोआची रोपे लावण्याचे काम सुरू झाले, आणि नंतरच ते वृक्ष स्वीकारले गेले. समुद्रावरील नौकेसाठी डोंगरावरचे रान राखावे लागते, हे कुमुलिपोतील रक्षक वनस्पतींच्या कल्पनेशी जुळते, आणि जगप्रदक्षिणेच्या गौरवाहून या संकोचाचे तात्त्विक मोल अधिक आहे. अलास्काच्या लाकडातून घडलेली हवाईलोआ १९९३ मध्ये पाण्यात उतरली.