दौतीच्या पेटीत काहीच नव्हतं

'गेंजी मोनोगातारी' पहिल्यांदा वाचताना नवव्या प्रकरणात मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

गेंजीनं मुरासाकीला, ती जेमतेम दहा वर्षांची असताना, रातोरात उचलून आपल्या घरी आणलेलं असतं. तो तिला अक्षर गिरवायला शिकवतो, कविता शिकवतो. ती त्याला वडिलांच्या जागी मानते. चारेक वर्षांनी एका रात्री तो तिला बायको करतो. सकाळी तो उठतो, ती उठतच नाही. दुपारी येऊन बघतो तर ही डोक्यावरून पांघरूण ओढून पडलेली, घामानं भिजलेली. सकाळी त्यानं तिच्यासाठी कविता ठेवलेली असते. रिवाजाप्रमाणे उत्तर असेल म्हणून तो दौतीची पेटी उघडतो. पेटीत काहीच नाही. त्याला याचंही कौतुकच वाटतं.

मी पुन्हा पुस्तक उघडलं ते मोतोओरी नोरिनागामुळे. हा अठराव्या शतकातला मात्सुसाका गावचा डॉक्टर. कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा, पण धंद्यात लक्ष नाही, म्हणून आईनं क्योतोला वैद्यकी शिकायला धाडलं. दिवसा रोगी तपासायचे आणि संध्याकाळी गावातल्या लोकांना 'गेंजी' समजावून सांगायची, असं त्यानं वर्षानुवर्षं केलं. अभ्यासिकेत दोरीला 36 घुंगरं बांधलेली. वाचून शिणला की दोरी हलवायची, आवाज ऐकायचा, परत कामाला. (माझा फोन हेच काम करतो असं मी स्वतःला सांगतो. खोटं आहे ते.)

सावत्र आईशी संबंध ठेवणारा नायक म्हटल्यावर त्याच्या आधीच्या पंडितांची पंचाईत झाली होती. कुणी म्हणे, ही कर्मफळाची गोष्ट आहे. कुणी म्हणे, व्यभिचारापासून सावध करायला लिहिली आहे. 1763 साली नोरिनागानं सांगितलं की तुमचा तराजूच चुकीचा आहे. कादंबरीत चांगला कोण? ज्याला 'मोनो नो अवारे' कळतं तो. म्हणजे बहर गळताना, किंवा दुसऱ्याचं दुःख बघताना ज्याच्या आत काहीतरी हलतं तो. आपल्या 'सहृदया'च्या शेजारचीच कल्पना. फक्त सहृदय काव्यासमोर बसतो, हा अख्ख्या जगासमोर. आणि गेंजीचं पाप? कमळ हवं तर चिखलाचं पाणी साठवावंच लागतं, असं नोरिनागा म्हणतो.

मला हे वाचून फार मोकळं वाटलं होतं. कथेतल्या प्रत्येक माणसाला कोर्टात उभं करायची आपल्याला सवय लागली आहे, त्यावर हा उतारा वाटला. मग ती दौतीची पेटी आठवली. इथे चिखल कोण आणि कमळ कोण? एका मुलीचा घाम कुणाच्या तरी हळवेपणाचं खत ठरणार असेल, तर हे तत्त्वज्ञान मला नको.

हळवेपणा निरुपद्रवी नसतो. पहाटेच्या उन्हातल्या रानचेरीवर नोरिनागाची एक छोटी कविता आहे. ऑक्टोबर 1944 मध्ये जपानी नौदलानं आत्मघाती वैमानिकांच्या पहिल्या तुकड्यांना नावं दिली ती याच कवितेतल्या शब्दांवरून. नोरिनागा 1801 मध्येच वारला होता. तुकड्यांची जबाबदारी त्याच्यावर टाकता येत नाही. पण गळणाऱ्या फुलाकडे बघून गहिवरणाऱ्याला फांदी कोण हलवतंय ते दिसेलच असं नाही, एवढं मला त्यातून कळलं.

तरी मी नोरिनागाला सोडलेलं नाही. त्याची अट शब्दशः घेतली, तर त्या सकाळी गेंजीच नापास होतो. एरवी पावसाच्या सरीनंही हलणाऱ्या या माणसाला पांघरुणाखालचं रडू कळत नाही. कळतं ते लेखिकेला. हजार वर्षांपूर्वी दरबारात नोकरी करणाऱ्या त्या बाईनं ओले झालेले केस लिहिले आणि रिकामी पेटीही लिहिली. तिनं गेंजीला एका शब्दानं दोष दिलेला नाही. पुढे मुरासाकी मोठी होते, त्याचा सगळा संसार सांभाळते, आणि शेवटी संन्यास घेऊ द्या म्हणून त्याच्याकडे परवानगी मागत राहते. तो देत नाही. ती मेल्यावर मात्र तो वर्षभर रडतो.

ते वर्षभराचं रडणं वाचताना दर वेळी माझेही डोळे भरून येतात, आणि दर वेळी माझा मलाच राग येतो.