मंगळाची कच्ची चित्रे आणि हौशी कारागीर

मंगळावरच्या रोव्हरने टिपलेले चित्र पृथ्वीवर पोचते तेव्हा ते बहुधा पाहण्याजोगे नसते. लहानशी, करड्या छटांची, कडांना काळवंडलेली आणि कधी निम्मीच उतरलेली एक चौकट एवढेच त्याचे रूप असते. वर्तमानपत्रात छापले जाणारे रंगीत, रुंद, चाकापासून क्षितिजापर्यंत पसरलेले दृश्य अशा अनेक, प्रसंगी शेकडो चौकटींवर कोणीतरी तासन्‌तास बसून केलेल्या कामातून तयार होते. नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीशी, म्हणजे जेपीएलशी, संबंधित वैज्ञानिक हे काम करतात. २००४ पासून जगभरचे हौशी लोकही ते करतात, आणि पुष्कळदा वैज्ञानिकांच्या आधी पुरे करतात.

या हौशी मंडळींचे महत्त्व सांगायचे झाले की त्यांनी लावलेल्या शोधांची यादी पुढे केली जाते. त्या यादीत दम आहे, पण तिच्यामुळे कामाचे खरे स्वरूप झाकले जाते. शोध थोडे आहेत. त्यांच्यामागची कारागिरी आणि एकमेकांच्या चित्रांची केलेली तपासणी मात्र अफाट आहे, आणि मंगळाविषयीच्या सार्वजनिक समजुतीला तिचाच अधिक उपयोग झाला आहे.

हे शक्य झाले ते एका धोरणामुळे. ४ जानेवारी २००४ रोजी ‘स्पिरिट’ हा रोव्हर मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरला आणि २५ जानेवारीला ‘ऑपॉर्च्युनिटी’ मेरिडियानी पठारावर. मोहिमेचे प्रमुख वैज्ञानिक, कॉर्नेल विद्यापीठाचे स्टीव्ह स्क्वायर्स आणि त्यांच्या चमूने असे ठरवले होते की, येणारी चित्रे निवड न करता, येतील तशी इंटरनेटवर ठेवायची. तोवरचा रिवाज वेगळा होता. उपकरण ज्यांनी बांधले त्यांचा आधारसामग्रीवर काही महिने पहिला हक्क असे, आणि लोकांना दिसत ती पत्रकार परिषदेसाठी निवडलेली मोजकी चित्रे. आता जेपीएलच्या पॅसाडेनातला भूवैज्ञानिक आणि पुण्यातला विद्यार्थी जवळजवळ एकाच वेळी तीच चौकट पाहू लागले. ज्या रोव्हरांकडून ९० मंगळदिनांची अपेक्षा होती, त्यांपैकी स्पिरिट २०१० पर्यंत बोलत राहिला आणि ऑपॉर्च्युनिटी जून २०१८ पर्यंत. इतकी वर्षे रोज काहीतरी नवे मिळत राहिल्याने तात्पुरत्या कुतूहलाची शिस्तबद्ध सवय झाली. मंगळाचा दिवस, ज्याला ‘सोल’ म्हणतात, आपल्यापेक्षा सुमारे ४० मिनिटांनी मोठा असतो, त्यामुळे चित्रे येण्याची वेळ रोज पुढे सरकते. मोहिमेच्या पहिल्या महिन्यांत वैज्ञानिक मंगळाच्या घड्याळाने जगत होते. काही हौशींनीही तेच केले, फक्त त्यांना सकाळी कचेरीत जावे लागे.

दुर्बिणीच्या हौशीपेक्षा ही हौस एका बाबतीत सोपी आहे. महाराष्ट्रात दुर्बीणवाल्यांची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. पण पावसाळ्याचे चार महिने आणि शहरी दिव्यांचा उजेड यांपुढे कोणाचे काही चालत नाही. रोव्हरच्या चित्रांना ना अंधारे आकाश लागते, ना महागडे भिंग. साधा संगणक, ‘गिंप’ किंवा ‘ह्युगिन’सारखी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरे आणि चिकाटी एवढ्यावर काम सुरू होते. अवघडपणा पुढे आहे.

पहिली अडचण रंगांची. स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटीवरचा पॅनकॅम हा कॅमेरा मुळात कृष्णधवल होता. त्याच्या प्रत्येक डोळ्यापुढे आठ खाचांची फिरती चकती होती आणि तीत निरनिराळ्या तरंगलांबींचे फिल्टर बसवलेले होते. एकाच दृश्याची लाल, हिरवी, निळी अशी वेगवेगळी चित्रे घ्यायची आणि ती एकमेकांवर बसवून रंग उभा करायचा, अशी ही पद्धत. पण कॅमेरा माणसाच्या डोळ्यासाठी नसून खडकांतली खनिजे ओळखण्यासाठी होता. ‘लाल’ म्हणून बऱ्याचदा पाठवले जाई ते ७५३ नॅनोमीटरचे चित्र, म्हणजे दृष्टीच्या अगदी काठावरचा, जवळजवळ अवरक्त प्रकाश. त्यात भर म्हणजे इंटरनेटवर ठेवलेल्या प्रत्येक चित्राचा उठाव आपोआप, स्वतंत्रपणे ताणलेला असे. तिन्ही फिल्टरांचे परस्पर प्रमाणच हरवल्यावर ती चित्रे नुसती एकत्र केली तर येणारा रंग मंगळाचा नसतो, त्या गणिताचा असतो.

याचा गाजलेला नमुना २००४ च्या आरंभीच दिसला. रंगतपासणीसाठी रोव्हरवर एक छोटी सूर्यघडी बसवलेली होती, तिच्या कोपऱ्यांत ठरावीक रंगांचे तुकडे होते. काही चित्रांत त्यातला निळा तुकडा चक्क गुलाबी-लाल दिसला, आणि नासा मंगळाचे खरे रंग लपवते असा गवगवा झाला. कारण साधे होते. त्या निळ्या रंगद्रव्यातून अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित होतो, आणि ७५३ नॅनोमीटरचे चित्र ‘लाल’ म्हणून वापरले की निळा तुकडा लालभडक होणारच. हौशी मंडळींतल्या जाणत्यांनी फिल्टरांचे आकडे मांडून हे पुन्हापुन्हा समजावले. संस्थेच्या खुलाशावर विश्वास नसलेल्या माणसाला तीच चित्रे घेऊन स्वतः करून पाहता येत होते. मोकळ्या आधारसामग्रीच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद क्वचितच सापडेल.

रंगांची ही गोची व्यावसायिकांनाही सुटलेली नाही. जुलै १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग-१ यानाचे पहिले रंगीत चित्र घाईने तयार झाले तेव्हा मंगळाचे आकाश निळसर दाखवले गेले होते. तपासणीनंतर ते फिकट गुलाबी-पिवळसर असल्याचे जाहीर करावे लागले. हवेत तरंगणाऱ्या बारीक धुळीमुळे दिवसा आकाश तसे दिसते, आणि त्याच धुळीमुळे मावळत्या सूर्याभोवती निळी प्रभा पसरते. शिवाय भूवैज्ञानिकांना खडक ओळखीचे वाटावेत म्हणून पृथ्वीवरच्या उजेडात ते कसे दिसतील अशी आवृत्ती मुद्दाम बनवली जाते. म्हणजे ‘खरा रंग’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या उजेडात, कोणाच्या डोळ्यांना आणि कोणत्या कामासाठी, हे विचारल्याखेरीज उत्तर देता येत नाही.

दुसरी अडचण जोडणीची. पॅनकॅमची एक चौकट १०२४ गुणिले १०२४ बिंदूंची. सभोवतालचे सगळे दृश्य हवे तर अनेक चौकटी शिवाव्या लागतात. गोधडीत टाके दिसले तरी शोभतात, इथे एकही दिसून चालत नाही. कॅमेरा खांबावर फिरतो तेव्हा त्याचे भिंग नेमके एका बिंदूभोवती फिरत नाही, म्हणून दूरचे डोंगर जुळले तरी चाकाजवळचे दगड जुळत नाहीत. पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत तासाभराचे अंतर असेल तर सावल्या सरकलेल्या असतात. प्रत्येक चौकटीच्या कडेचा काळोख काढण्यासाठी काही हौशींनी रिकाम्या आकाशाच्या अनेक चित्रांची सरासरी काढून स्वतःचे दुरुस्ती-तक्ते बनवले.

कॅमेरे बदलले तशा खुब्याही बदलल्या. ऑगस्ट २०१२ मध्ये गेल विवरात उतरलेल्या क्युरिऑसिटीच्या मास्टकॅममध्ये रंगीत सेन्सर होता, पण काही चित्रे रंग न उलगडता, जाळीदार करड्या रूपातच येत. ती उलगडण्याचे काम पाहणाऱ्यावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये जेझेरो विवरात उतरलेल्या पर्सिव्हिअरन्सचा दिशादर्शक कॅमेरा ५१२० गुणिले ३८४० बिंदूंचा आहे, आणि पूर्ण तपशिलाचे चित्र पाठवायचे तर ते सोळा तुकड्यांत येते. कोणता तुकडा कोठला हे फाइलीच्या लांबलचक नावातून वाचायला हौशी लोक शिकले.

तिसरे काम नकाशांचे, आणि ते फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. रोव्हर आज नेमका कोठे आहे हे ठरवण्यासाठी त्याच्या चित्रांतले खडक आणि टेकड्या, मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या हायराईज कॅमेऱ्याने वरून घेतलेल्या चित्रांशी ताडून पाहायचे. या वरच्या चित्रांत एक बिंदू म्हणजे साधारण २५ ते ३० सेंटिमीटर जमीन. २००८ ते २०११ ही तीन वर्षे ऑपॉर्च्युनिटी २२ किलोमीटर व्यासाच्या एन्डेव्हर विवराकडे वाटचाल करत होता. त्या काळात क्षितिजावरच्या पुसट कड्यांची अनेक चित्रे एकावर एक रचून त्यांतून तपशील पिळून काढण्याचा नाद पुष्कळांना लागला होता. विज्ञानात त्याने फार भर पडली असे नाही. पण मंगळ हा ठिपका किंवा गोळा न राहता चालत जाण्याची जागा झाला तो अशा कामामुळे.

या पार्श्वभूमीवर शोधांकडे पाहावे. जानेवारी २००५ मध्ये ह्युजेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरले आणि अ‍ॅरिझोना विद्यापीठाने कच्ची चित्रे उघडी केली. अधिकृत जोडचित्रांची वाट न पाहता हौशींनी काही तासांत आपली जोडचित्रे तयार केली. सोव्हिएत संघाचे मार्स-३ हे यान डिसेंबर १९७१ मध्ये मंगळावर उतरले आणि लगेच गप्प झाले. त्याचे संभाव्य अवशेष रशियातल्या हौशी गटाने हायराईजच्या चित्रात शोधले, ते एप्रिल २०१३ मध्ये जाहीर झाले. चांद्रयान-२ च्या, चंद्रावर कोसळलेल्या विक्रम या अवतरकाचा पहिला तुकडा चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्याने चंद्राच्या आधीच्या व नंतरच्या चित्रांची बिंदूबिंदूने तुलना करून हेरला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये नासाने त्याचे श्रेय त्याला दिले. पर्सिव्हिअरन्सच्या पॅराशूटवरच्या लाल-पांढऱ्या पट्ट्यांत जेपीएलचे ब्रीदवाक्य गुंफले आहे हे चित्रफीत उघड झाल्यावर काही तासांत उलगडले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंगळावरच्या इन्जेन्युइटी हेलिकॉप्टरचे तुटून दूर पडलेले पाते दाखवणारे चित्र जर्मनीतल्या एका विद्यार्थ्याने कच्च्या चौकटींतून तयार केले. या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. कोणीही काही गुप्त पाहिले नाही. सर्वांसमोर असलेलेच अधिक चिकाटीने पाहिले.

उघड्या दारातून भलते पाहुणेही येतात. ऑपॉर्च्युनिटीसमोर जानेवारी २०१४ मध्ये अचानक दिसलेला, जेलीभरल्या डोनटसारखा दगड चाकाने उडालेला होता. तो बुरशीसारखा सजीव असल्याचे सांगत एकाने चक्क न्यायालय गाठले. मे २०२२ मध्ये क्युरिऑसिटीच्या चित्रातली सुमारे ३० सेंटिमीटर उंचीची खडकातली भेग ‘दरवाजा’ म्हणून जगभर फिरली. चित्रे रोखून धरली तर हे थांबेल असे म्हणणाऱ्यांनी १९७६ च्या व्हायकिंगच्या चित्रातला ‘मंगळावरचा चेहरा’ आठवावा. तो पसरला तेव्हा कच्ची चित्रे लोकांच्या हाती नव्हतीच. गंभीर हौशी आणि भूलथापा मारणारा यांच्यात फरक एवढाच की पहिला आपल्या चित्राचा मंगळदिन, कॅमेरा आणि फिल्टर सांगतो, आकाशाचा रिकामा भाग स्वतः रंगवला असेल तर तेही कबूल करतो. दुसरा बाकीचे दृश्य कापून फक्त ‘दरवाजा’ मोठा करतो.

वैज्ञानिकांचा आक्षेप याहून वजनदार आहे. उपकरणामागे दहा-पंधरा वर्षे घालवलेल्या चमूच्या आधी दुसऱ्या कोणी निष्कर्ष छापले तर अन्याय होईल, असे ते म्हणतात. २०१४ मध्ये रोझेटा यान धूमकेतूपाशी पोचले तेव्हा त्याच्या मुख्य कॅमेऱ्याच्या चमूने याच कारणाने बहुतेक चित्रे राखून ठेवली. लोकांना मिळाली ती दिशादर्शक कॅमेऱ्याची, आणि हौशींनी त्यांच्यावरच तहान भागवली. आक्षेप खरा असला तरी रोव्हरांच्या अनुभवाने त्याची धार बोथट केली आहे. लगेच उघड होणारी चित्रे दाबलेली आणि ताणलेली असतात, त्यांवर मोजमापाचे संशोधन होत नाही. त्यासाठी लागणारी अचूक आधारसामग्री काही महिन्यांनी प्लॅनेटरी डेटा सिस्टिम या नासाच्या संग्रहाकडे जाते. पाहण्याचा हक्क आजचा आणि मोजण्याचा उद्याचा, अशी ही वाटणी कोणालाच फार महाग पडलेली नाही. उलट इंग्लंडमधला हौशी डग एलिसन पुढे जेपीएलमध्येच दाखल झाला आणि क्युरिऑसिटीच्या अभियांत्रिकी कॅमेऱ्यांवर काम करू लागला. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या जुनोकॅमची तर चित्रप्रक्रिया बरीचशी लोकांवरच सोपवलेली आहे.

भारताने यातले अर्धेच स्वीकारले आहे. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत गेले. लांबलचक कक्षेमुळे त्याचा रंगीत कॅमेरा मंगळाची संपूर्ण थाळी एका चौकटीत टिपू शके, जे इतर अनेक यानांना जमत नव्हते. पण पहिल्या वर्षाची आधारसामग्री खुली झाली सप्टेंबर २०१६ मध्ये. त्यानंतर परदेशी हौशींनी तिच्यातून काढलेली चित्रे भारतीयांनीही कौतुकाने पाहिली. चांद्रयान-३ ची सामग्री ऑगस्ट २०२४ मध्ये, उतरल्यानंतर वर्षाने खुली झाली. सामग्री मिळते हे महत्त्वाचे, पण हौशीचे व्यसन रोजच्या रोज येणाऱ्या चौकटींनी लागते. चांद्रयान-३ चा विक्रम अवतरक आणि प्रज्ञान रोव्हर काम करत होते त्या थोड्या दिवसांत इथल्या शाळा-महाविद्यालयांत जी उत्सुकता होती, तिला हाताला काम मिळाले नाही.

हौशींच्या या कामाला नवा धोका सॉफ्टवेअरकडून आहे. चित्र ‘स्वच्छ’ आणि मोठे करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने नसलेला तपशील भरतात, आणि तो पृथ्वीवरच्या चित्रांवरून शिकलेला असतो. डोनटवाल्याला निदान खरा दगड तरी दिसत होता. इथे दगडच बनावट असू शकतो. म्हणून जुनेजाणते हौशी अशा चित्रांसोबत प्रक्रियेची नोंद मागतात. ही नोंद आणखी एका कारणाने हवी. मूळ चौकटी सरकारी संग्रहात जपल्या जातात, हौशींची जोडचित्रे मात्र ज्याच्या त्याच्या संगणकावर असतात आणि तो बंद पडला की जातात. मंगळदिन, कॅमेरा, फिल्टर आणि वापरलेल्या पायऱ्या लिहून ठेवल्या असतील, तर त्याच चौकटी पुन्हा उतरवून दुसऱ्या कोणालाही तेच चित्र नव्याने जोडता येते.